लेखणीचं देऊळ: हनोईतलं न्गोक सॉन

हनोईला गेलेला प्रवासी न्गोक सॉनला जातोच. शहराच्या ऐन मध्यात होआन किएम तळं, त्यात एक बेट, बेटावर देऊळ आणि तिथे नेणारा लाल लाकडी पूल. तिकीट काढायचं, पुलावर फोटो काढायचा, काचेच्या पेटीतलं प्रचंड कासव बघायचं आणि बाहेर यायचं. वीस मिनिटांत आटोपतं. आज आपण जरा सावकाश जाणार आहोत, कारण या देवळातलं खरं बघण्यासारखं निम्मं तर पुलाच्या अलीकडेच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. आपल्याकडे या जागेला सरसकट ‘बौद्ध मंदिर’ म्हणतात. व्हिएतनामी माणूस असं म्हणणार नाही. तो दोन वेगळे शब्द वापरतो. बुद्धाचं स्थान ते ‘चुआ’, आणि वीरपुरुषांचं, देवतांचं स्थान ते ‘देन’. न्गोक सॉन हे आज ‘देन’ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे चुआच होता. 1840च्या दशकात तो विद्वानांच्या एका मंडळाकडे आला आणि त्यांनी तिथे वेनचांगची स्थापना केली. वेनचांग म्हणजे विद्येचा आणि परीक्षांचा देव, मूळचा चिनी. बुद्धाला मात्र कोणी घालवून दिलं नाही, तोही आत आहे. एका छपराखाली सगळे नांदतात, हे आपल्याला काही नवल वाटायला नको.

आता रस्त्यावर उभे राहू. मागे दुचाकींचा लोंढा, हॉर्न, पदपथावर छोट्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून चहा पिणारी माणसं. समोर दगडांच्या ढिगाऱ्यावर एक पाच मजली, चौकोनी, निमुळता होत गेलेला दगडी मनोरा. त्याचं नाव थाप बुत, म्हणजे लेखणीचा मनोरा. नीट बघा, वरचं टोक कुंचल्याचं आहे, कारण त्या काळी लिहायचे कुंचल्याने. अंगावर तीन चिनी अक्षरं कोरली आहेत. त्यांचा अर्थ: निळ्या आभाळावर लिहिणे.

लेखणी आली म्हणजे शाई हवी. पुलाच्या तोंडाशी एक कमान लागते. बहुतेक लोक तिच्याखालून मान वर न करता निघून जातात. वर बघितलं तर दगडात कोरलेली, अर्ध्या पीच फळाच्या आकाराची एक खोलगट शिळा दिसते, आणि ती तीन बेडकांनी तोलून धरली आहे. आपण चंदन उगाळतो ती सहाण आठवा. ही शाई उगाळायची सहाण. म्हणजे देवळात जाणारा प्रत्येक माणूस आधी लेखणीजवळून आणि मग शाईखालून जातो. पुलाचं नाव थे हुक, सकाळची किरणं जिथे विसावतात ती जागा. त्यापुढच्या दाराला चंद्राचं नाव आहे.

हे सगळं ज्याने रचलं तो न्गुएन व्हान सिएऊ, हनोईतला नावाजलेला विद्वान आणि शिक्षक. साल 1865. आमच्या मते या देवळाची किल्ली या सालात आहे. 1858मध्ये फ्रेंचांनी दा नांगवर तोफा डागल्या होत्या. 1862च्या तहाने दक्षिणेतले तीन प्रांत त्यांच्या घशात गेले होते. तोफांपुढे काय चालणार हे उघड दिसत असताना इकडे उत्तरेत हा माणूस दगडाची लेखणी उभी करतो! बेटाच्या दक्षिण टोकाला त्याने पाण्याकडे तोंड करून एक मंडप बांधला. त्याचं नाव ‘लाटा थोपवणारा मंडप’. तळ्यात कुठल्या लाटा येणार? परकी लाट, असाच त्याचा अर्थ लावला जातो. सिएऊ 1872 साली वारला. 1873मध्ये फ्रेंचांनी हनोईचा किल्ला घेतला.

गाभाऱ्यात वेनचांगच्या सोबतीला एक सेनापती आहे, हे मग अचानक सुसंगत वाटायला लागतं. त्रान हुंग दाओ, तेराव्या शतकात मंगोल सैन्याला परतवणारा, 1288ची बाक दांग नदीवरची लढाई जिंकणारा. लेखणी आणि तलवार शेजारी शेजारी.

लेखणीचं पुढे काय झालं? चिनी अक्षरांतून होणारी राजदरबारची परीक्षा 1919मध्ये ह्युए इथे शेवटची झाली. सतराव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी घडवलेली रोमन अक्षरांची लिपी सगळीकडे रूढ झाली. तिच्यामुळे साक्षरता सर्वसामान्यांपर्यंत पोचली, हे निर्विवाद. पण परिणाम असा की आज परीक्षेच्या आधी उदबत्ती लावायला येणाऱ्या पोरांना दारावरची, खांबांवरची अक्षरं वाचता येत नाहीत. विद्येच्या देवाच्या घरातलीच अक्षरं! उदबत्ती मात्र मनापासून लावतात.

आता कासव. पंधराव्या शतकात लामसॉनच्या ले लोय याने मिंग सैन्याला हाकललं आणि 1428मध्ये तो राजा झाला. दंतकथा सांगते की तो या तळ्यात नावेतून फिरत असताना सोनेरी कासव वर आलं आणि दैवी तलवार परत घेऊन गेलं. होआन किएम म्हणजे ‘परत केलेली तलवार’. (दक्षिणेकडच्या छोट्या बेटावर दिसतो तो कासवाचा मनोरा. ते हे देऊळ नव्हे, फोटोंखाली हा घोळ नेहमी असतो.)

कथा राहू द्या, कासवं खरीच होती. देवळात काचेआड दोन आहेत. एक 1967 साली मेलेलं, दोन मीटरहून लांब. दुसरं शहराचं लाडकं. त्याला ‘कू रुआ’, म्हणजे कासव-आजोबा म्हणायचे. 2011मध्ये अंगावर जखमा दिसल्या म्हणून पकडून उपचार केले, तेव्हा वजन भरलं 169 किलो. घाण पाणी हे एक कारण मानलं गेलं. उपचार करून परत सोडलं. 19 जानेवारी 2016ला ते मेलेलं आढळलं. सत्ताधारी पक्षाचं मोठं अधिवेशन त्याच आठवड्यात भरणार होतं, त्यामुळे अपशकुनाची कुजबुज शहरभर झाली.

ते देवळात ठेवलं गेलं 2019च्या मार्चमध्ये. पुढच्याच महिन्यात चीनमधल्या सुझोऊच्या प्राणिसंग्रहालयात या जातीची मादी मेली. हनोईजवळच्या दोंग मो तलावात आणखी एक मादी सापडली होती. तीही 2023च्या एप्रिलमध्ये गेली. सुझोऊत एक नर उरला आहे.

जायचंच तर सकाळी लवकर जा, खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला. आणि पुलावर चढण्याआधी कमानीखाली थांबून एकदा वर बघा.