फुलदाणीतील फुलांचे आयुष्य

अकोला-अमरावतीकडे वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि सकाळी फुलदाणीत ठेवलेला गुलाब सायंकाळी मान टाकतो. पाणी असूनही हे घडते, कारण पाण्यात वाढलेले जिवाणू देठातील जलवाहिन्या बुजवितात. केवळ साखर घालण्याचा रूढ उपाय म्हणूनच अपुरा, किंबहुना अपायकारक होय. ती फुलाबरोबर जिवाणूंचेही पोषण करते. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा साखर व दोन चमचे लिंबाचा रस घालावा. आम्लतेने जिवाणूंची वाढ मंदावते व पाणी देठात सुलभतेने चढते. ओव्यातील थायमॉलही जिवाणुनाशक आहे, हे वैद्यांना सांगणे नलगे. पाणी रोज बदलावे, देठ तिरपा कापावा. जवळ पिकलेली केळी नसावीत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुले लवकर कोमेजतात. वऱ्हाडच्या संत्र्यांपासून हे भय अल्प. मात्र बुरशी लागलेले संत्रे तत्काळ दूर करावे.