मोबाइलवरून ओवी शिकू या

आज आपण जात्यावरच्या ओवीबद्दल बोलणार आहोत आणि मोबाइलबद्दलही. या दोघांचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. ऐका तर.

गावात गिरणी आली आणि पहाटेचं दळण थांबलं. हाताचे कष्ट वाचले, ते बरंच झालं. पण ओवी कुणी मुद्दाम बसवून शिकवत नव्हतं. सासू-सुना, माय-लेकी एकाच खुंट्याला हात लावून दळायच्या. एक म्हणायची, दुसरी ऐकून उचलायची. दळण थांबलं तसं हे शिकणंही थांबलं.

आमच्या रेडिओ गटातल्या एका ताईंनी सासूबाईंच्या ओव्या मोबाइलवर भरून घेतल्या होत्या. पुढे मोबाइल बिघडला. दुरुस्तीहून परत आला तेव्हा आतलं सगळं पुसलेलं होतं. तोवर सासूबाईही गेल्या होत्या. ओव्यांचे शब्द वहीत होते, पण त्या म्हणायच्या कशा, हे घरात कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून आम्ही हा विषय मनावर घेतला.

वही का पुरत नाही? लिहिली तर ओवी दोन ओळींची. म्हणताना मात्र अर्धी ओळ दोनदा येते, मधे ‘बाई’, ‘गं’ असे शब्द येतात, शेवटचं अक्षर लांबतं. या म्हणण्याच्या पद्धतीला बायका ‘गळा’ म्हणतात. एकच ओवी दोन गावांत दोन गळ्यांवर म्हणतात. हा गळा कागदावर उतरत नाही, तो कानानेच घ्यावा लागतो.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावांतल्या लाखावर ओव्या जमल्या. संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल पुढे या कामात आले, आणि शंभर तासांपेक्षा जास्त गाणं ध्वनिमुद्रित झालं. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून या ओव्या येऊ लागल्या. आवाजही ऐकता येतो, शब्दही वाचता येतात, आणि पैसे पडत नाहीत. तिथे मुळशीतल्या बायका आहेत, बाबासाहेबांवर ओव्या म्हणणाऱ्या माजलगावच्या भीमनगरच्या बायकाही आहेत. मोबाइलवर माइकचं चित्र दाबून ‘पारी जात्यावरच्या ओव्या’ असं बोला, सापडेल.

आता शिकायचं आणि शिकवायचं कसं? आम्ही असं करतो.

पहिल्यांदा तीन वेळा नुसतं ऐकायचं. पेन हातात घ्यायचं नाही. चौथ्या वेळी मुलींना विचारायचं, कोणते शब्द परत आले? आवाज कुठे वर गेला? 

ओवी यूट्यूबवर असेल तर चक्राचं चित्र दाबून वेग ०.७५ करायचा. गाणं सावकाश होतं, पण सूर खाली जात नाही. एकेक तुकडा थांबवून म्हणून घ्यायचा.

आजीबाईंचा आवाज खालचा, मुलींचा वरचा. मुलींनी आजीच्या पट्टीत गायचा हट्ट धरू नये, घसा दुखतो. तंबोऱ्याचं अ‍ॅप फुकट मिळतं. त्यावर पांढरी पाच, काळी चार, काळी पाच अशा पट्ट्या लावून पाहायच्या आणि जी सोसेल तिथे सा धरायचा. चाल पाठ झाली की तंबोरा बंद करायचा, कारण ओवीला साथ जात्याचीच. 

मग मुलीने आपलं म्हणणं भरून घ्यायचं आणि मूळ आवाजाशेजारी ऐकायचं. चूक तिची तिलाच कळते, कुणी रागवावं लागत नाही.

पण लाखभर ओव्या जमल्या तरी तुमच्या शेजारच्या काकूंची ओवी त्यात असेलच असं नाही. ती आपणच भरून घ्यायची. पंखा बंद करा. मोबाइलवरचं विमानाचं चित्र दाबा, म्हणजे मधेच फोन येणार नाही. मोबाइल फडक्याच्या घडीवर, हातभर अंतरावर ठेवा. सुरुवातीला नाव, गाव आणि तारीख बोला. घरात जातं असेल तर काकूंना त्याच्याशी बसवा. पुष्कळ जणींना नुसतं बसून ओवी आठवत नाही, खुंट्याला हात लागला की एकामागून एक येते.

त्याच दिवशी त्याची दुसरी प्रत करा, एक मेमरी कार्डावर किंवा गटाच्या संगणकावर, एक ऑनलाइन साठवणीत. आमच्या ताईंनी एवढं केलं असतं तर सासूबाईंचा आवाज आज घरात असता.

आणि परवानगी विचारा. भरून घ्यायला एकदा, दुसऱ्यांना ऐकवायला पुन्हा. ओवीत माहेरची आठवण असते, तसा सासरचा जाचही असतो. जात्यापाशी बोललेलं दुःख साऱ्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जावं की नाही, हे जिचं तिने ठरवायचं. ती नको म्हणाली तर पुढे पाठवायचं नाही, आणि तिने सांगितलं तर पुसूनही टाकायचं.

पुढच्या बैठकीला हप्ते भरून झाले की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने आई, आत्या, आजेसासू, कुणाकडून तरी एक ओवी घेऊन या. वीस जणींचा गट असेल तर एका बैठकीत वीस ओव्या होतील. सोबत घरातली एक मुलगीही आणा, तिला ऐकू द्या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.