हजेरी बंद झाली, संशय चालूच

वंशभेदाविरुद्धचे कायदे म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते. आपल्याकडे पोलिसी संशय जन्मावरून ठरत नाही, असं अनेकांना मनापासून वाटतं. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. सोलापूरच्या ‘सेटलमेंट’ नावाच्या वसाहतीत या जमातींची माणसं तारेच्या कुंपणाआड राहायची. दिवसभर गिरणीत राबायचं, परत आलं की हजेरी द्यायची, परगावी जायचं तर पास मागायचा.

‘तो कायदा तर रद्द झाला!’ झाला, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणून या जमाती ‘विमुक्त’. पुढे राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. महाराष्ट्रातला १९५९ चा. त्यांच्या व्याख्येत जात नाही, वारंवार शिक्षा झालेली व्यक्ती आहे. खरी अडचण इथेच आहे. कायद्याची भाषा निर्दोष असते आणि संशय खालच्या नियमांतून, ठाण्याच्या सवयीतून झिरपत राहतो. काही राज्यांच्या तुरुंग नियमांत विमुक्त जमातीचा माणूस सराईत मानण्याची मुभा २०२४ पर्यंत टिकून होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल दिला, तेव्हा ‘सराईत’ची व्याख्या कायद्याप्रमाणेच लावा, असं बजावावं लागलं.

‘अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे की!’ आहे, पण तो अनुसूचित जाती-जमातींसाठी. शिक्का बसलेल्यांपैकी पारधी अनुसूचित जमातीत येतात, त्यांना तो लागू आहे. कैकाड्यांचं काय? नागपूरचा कैकाडी अनुसूचित जातीत, सोलापूरचा विमुक्त जातीत. शिवी तीच, मार तोच. जिल्हा बदलला की संरक्षण गेलं. हा अन्याय डोळ्यांआड करता येत नाही.

‘पुराव्याशिवाय पोलीस कशाला उचलतील?’ अटकेची नोंद होते, कारण लिहावं लागतं. पण गावात चोरी झाली म्हणून पहाटे पालावरून नेलेला आणि संध्याकाळी सोडून दिलेला माणूस? त्याला फक्त ‘चौकशीला बोलावलेलं’ असतं. नोंदच नसेल तर भेदभाव झाला हे न्यायालयात दाखवायचं कशावरून? इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस कायद्यानं रस्त्यावरच्या झडतीचीही कारणासकट नोंद सक्तीची केली. तिथे झडती घेतलेल्याचा वंशही नोंदला जातो, म्हणून कृष्णवर्णीयांच्या झडत्या लोकसंख्येच्या मानानं कितीतरी जास्त होतात हे सरकारी आकड्यांतूनच दिसतं. आपल्याकडेही अशा प्रत्येक चौकशीचं कारण लिहिलं जावं आणि त्याची प्रत त्या माणसाच्या हातात पडावी, एवढं तरी कायद्यानं बंधनकारक करायलाच हवं.