माइकविना गाणारे गळे

संगीत नाटकांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकताना नव्या पिढीला तो आवाज टोकदार, काहीसा नाकातला वाटतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हा माइक नव्हता. पुढे बालगंधर्व, केशवराव भोसले यांनी नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवला तो गळ्याच्या बळावर. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणातही गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. विद्युत मायक्रोफोन आला १९२५ नंतर. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. म्हणून रात्र रात्र रंगणारे पद तिथे घाईने आटोपते.

हा आवाज पोहोचायचा कसा? स्वरतंतू पुरुषांत सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा, स्त्रियांत दोनशेच्या आसपास थरथरतात. तयार होणारा नाद घसा, तोंड आणि नाकाच्या पोकळीत घुमतो. युरोपातील ऑपेरा गायक ही पोकळी अशी वळवतात, की ३,००० हर्ट्झच्या आसपासचे ध्वनी ठळक होतात. वाद्यवृंदाचा जोर त्याच्या बराच खाली असतो आणि आपला कान याच पट्ट्यात तिखट असतो. म्हणून ओरडावे न लागता एक गळा शंभर वाद्यांवर उठून ऐकू येतो.

नुसता जोर लावला, तर मात्र स्वरतंतू एकमेकांवर आपटून सुजतात. पुढे त्यांवर बारीक गाठी येतात. सोनई-नेवासे परिसरात हरिनाम सप्ताह म्हणजे सात दिवसांचा जागर. कीर्तनकार, टाळकरी, तसेच शिक्षक आणि बाजारात पुकारा करणारे विक्रेते, या सगळ्यांना हा धोका असतो. माइक असला तरी टाळ-मृदंगाच्या गजरात आवाज नकळत चढतोच.

खडीसाखर, ज्येष्ठमधाने घशाला बरे वाटते. पण गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंना लागत नाही. त्यांना हवे भरपूर पाणी, पुरेशी झोप आणि विश्रांती. आवाज बसला असताना कुजबुजणेही टाळावे, त्यानेही ताण येऊ शकतो. तंबाखू, विडी तर पूर्ण बंद.

घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर ‘गाऊन गाऊन बसला’ म्हणून सोडून देऊ नये. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासून घ्यावे, विशेषतः तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांनी. स्वरयंत्राच्या कर्करोगाचे पहिले लक्षण अनेकदा एवढेच असते, आणि त्या टप्प्यावर सापडला तर जीव आणि आवाज दोन्ही वाचण्याची शक्यता मोठी असते.