कोयनेच्या कंपांसाठी सर्व्हर केवढा असावा?

सातारा जिल्ह्यातील कोयनानगरच्या परिसरात, शिवसागर जलाशयात 1962 च्या सुमारास पाणी साठू लागल्यापासून भूकंपांची मालिका सुरू असून, 11 डिसेंबर 1967 च्या 6.3 तीव्रतेच्या विनाशकारी भूकंपासह 5 किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून अधिक धक्के येथे नोंदले गेले आहेत. माणसाला न जाणवणारे कंप तर हजारो आहेत, आणि भूगर्भातील भेगा नेमक्या कोठून कोठे जातात हे प्रामुख्याने त्यांच्यावरूनच उलगडत असल्यामुळे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने कोयना-वारणा पट्ट्यात भूकंपमापक केंद्रांचे दाट जाळे उभारले. अशा जाळ्याला सर्व्हर, म्हणजे सर्व केंद्रांची माहिती स्वीकारणारा मध्यवर्ती संगणक, केवढा लागतो, याचे उत्तर केंद्रांच्या संख्येवरून मिळत नाही.

उदाहरणादाखल 20 केंद्रे धरली आणि प्रत्येक केंद्र उभ्या व दोन आडव्या दिशांतील हालचाल सेकंदाला 100 वेळा मोजते असे मानले, तर एका केंद्राकडून दिवसाला सुमारे 2 कोटी 59 लाख आकडे येतात. प्रत्येक आकड्याला 4 बाइट दिले, तरी वर्षभराचा साठा जेमतेम पाऊण टेराबाइट होतो, जो साध्या डिस्कवरही मावतो. केंद्रांची बॅटरी व घड्याळ ठीक आहे का, हे दर मिनिटाला विचारण्याचा भारही नगण्यच असतो.

खरा भार शोधाचा आहे. अलीकडच्या काही सेकंदांच्या सरासरी कंपनाची मागील दीर्घ काळाच्या सरासरीशी तुलना करण्याची रूढ पद्धत संगणकाला हलकी जाते, पण गोंगाटात बुडालेले कंप तिच्या हाती लागत नाहीत. त्यासाठी पूर्वीच्या भूकंपाची नोंद साचा म्हणून घेऊन ती नव्या नोंदीवर क्षणाक्षणाने सरकवत ताडून पाहावी लागते. साचा 4 सेकंदांचा असेल, तर 60 वाहिन्यांवर, म्हणजे 20 केंद्रांच्या प्रत्येकी तीन दिशांवर, एका साच्यासाठी सेकंदाला 24 लाख आणि हजार साच्यांसाठी 240 कोटी गुणाकार होतात. शिवाय दहा वर्षांचा जुना साठा एका महिन्यात पुन्हा तपासायचा, तर वेग 120 पट हवा. येथे हजारो गणिते एकाच वेळी करणारे ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडते, तसेच गणिताची चतुर मांडणी केल्यास गुणाकारही पुष्कळ घटतात. केवळ महागडे यंत्र घेण्याआधी ही मांडणी तपासणे अधिक शहाणपणाचे आहे.

धरणाचा सांडवा सरासरी पावसावर नव्हे, तर संभाव्य महापुरावर बेततात, आणि येथेही तोच न्याय लागतो. घाटातील मुसळधार पावसात संपर्क तुटला की केंद्र आपली नोंद स्वतःपाशी साठवते व जोडणी होताच ती पाठवू लागते. दहा तासांची थकबाकी तासाभरात निपटायची, तर चालू नोंदीसह सर्व्हरला अकरा पट काम करावे लागते. मोठ्या धक्क्यानंतर तर पश्चात्कंपांच्या लहरी एकमेकींत मिसळतात, कोणती लहर कोणत्या कंपाची हे जुळवण्याच्या शक्यता झपाट्याने वाढतात, आणि नेमक्या त्याच तासाला कोयनानगरातील माणसांना उत्तर सर्वांत लवकर हवे असते.