हातगाडी, कप्पी आणि न्यूटनचा दुसरा नियम

लालबाग-परळच्या रस्त्यावर भरलेली हातगाडी ढकलणाऱ्याला विचारा, गाडी एका चालीने चालत राहायला काय लागते? तो म्हणेल, जोर. न्यूटन म्हणतो, जोर लागतो तो वेग बदलायला. आहे तो वेग टिकवायला काहीच लागत नाही. हातगाडीवाल्याचा अनुभव खोटा नाही. त्याचा सगळा जोर आसाचे आणि रस्त्याचे घर्षण फेडण्यात जातो. शिल्लक बल शून्य, म्हणून वेग कायम. मात्र घर्षण डोळ्यांना दिसत नाही, आणि पोर ‘F = ma’ पाठ करून घरी जाते ते हातगाडीवाल्याचेच मत मनात ठेवून.

भाषाही अडथळा आणते. शालेय पुस्तकात बल, वस्तुमान, त्वरण. मराठी विश्वकोशात प्रेरणा, द्रव्यमान, प्रवेग. साहित्याच्या वाचकाला ‘प्रेरणा’ भलतीकडेच नेते! शिवाय वाण्याच्या तराजूवरचे ‘वजन’ आणि वस्तुमान यांची रोजच्या बोलण्यात गल्लत होतेच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढले. त्याचे आरंभीचे काम नाना चौकातल्या महापालिका शाळेत, म्हणजे गिरगावच्या शेजारीच, चाले. केंद्राचे पहिले प्रमुख व्ही. जी. कुलकर्णी यांनी भाषेचा हा अडसर गांभीर्याने घेतला. पालिका शाळांतल्या मुलांना विज्ञान जड जाते त्यात पुस्तकी भाषेचा वाटा मोठा आहे, हे त्यांनी अभ्यासातून मांडले.

आता प्रयोग. टेबलावर छोटी चाकांची गाडी ठेवायची, तिचा दोरा कडेच्या कप्पीवरून खाली सोडून त्याला वजने टांगायची. येथे एक खोच आहे. टांगलेले वजन गाडीला ओढते, पण स्वतःही तितक्याच त्वरणाने खाली येते. म्हणून वस्तुमान मोजायचे ते दोघांचे मिळून. एक किलोच्या गाडीला २०० ग्रॅम टांगले तर बल १.९६ न्यूटन, पण हलणारे वस्तुमान १.२ किलो, त्वरण १.९६ नव्हे, सुमारे १.६३ येते. यावर उपाय सोपा. वजने आधी गाडीतच ठेवायची आणि एकेक काढून दोऱ्याला लावायची. एकूण वस्तुमान एक किलोच राहते, बदलते फक्त बल. मग घर्षण नसल्यास ५० ग्रॅमला एक मीटर अंतर सुमारे २.०२ सेकंदांत, १०० ग्रॅमला १.४३, २०० ग्रॅमला १.०१ सेकंदांत कापले जाते. हाताने घड्याळ दाबताना ०.२ सेकंदाची चूक सहज होते आणि एका सेकंदाच्या मोजणीत ती त्वरण ४० टक्क्यांच्या आसपास फिरवते. म्हणून बल लहान नि अंतर लांब घेतलेले बरे. केंब्रिजच्या जॉर्ज अ‍ॅटवुडने १७८४ साली प्रसिद्ध केलेल्या यंत्रात हेच साधले होते: कप्पीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी वजने, म्हणजे घसरण संथ.

माझ्या मते वहीतली सर्वांत मोलाची जागा आलेखाच्या कोपऱ्यात असते. बलाच्या अक्षावर त्वरण मांडले की रेषा शून्यातून जात नाही. थोडे उजवीकडे अक्षाला छेदते. मुले गुणांसाठी ती शून्यातून ओढतात, आणि बरेच शिक्षकही तेच पसंत करतात. वस्तुतः तो छेद म्हणजे घर्षणाचे मापच. फळीचे एक टोक हळूहळू उचलावे, दोरा न लावता हलका धक्का दिल्यावर गाडी एकाच वेगाने उतरत जाईल इतके. मग पुन्हा मोजणी करावी. रेषा आपोआप शून्याकडे सरकते.