झुलीचा नंदी

दिवाळी अंकासाठी यवतमाळ जिल्ह्यातील एखादे जुने यंत्र पाहून यावे, असा संपादकांचा हुकूम झाला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे सरकी काढणारे रेचे आणि ‘शकुंतला’ गाडीचे मोडके डबे उभे राहिले होते; परंतु दारव्हा रस्त्यावरील एका निवृत्त गणितशिक्षकांच्या माडीवर, जुन्या धोतराखाली झाकून ठेवलेल्या बीबीसी मायक्रो नावाच्या संगणकापुढे एकदा बसलो तो दिवेलागणीपर्यंत उठलो नाही.

यंत्राची वंशावळ आधी सांगून टाकतो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ते १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आणले, आणि १९८४-८५ साली केंद्र सरकारच्या संगणक-साक्षरता प्रकल्पातून ते आधी देशातील सुमारे अडीचशे शाळांत पोहोचले. गुरुजींनी आपला नग एका शाळेच्या लिलावात, मोडक्या बाकांच्या ढिगासोबत घेतला. स्मृती अवघी ३२ किलोबाइट, आणि पडद्याचा हिस्साही तीतूनच वजा व्हायचा.

मला खिळवून ठेवले ते गुरुजींच्या नंदीने. तान्ह्या पोळ्याला पोरे चाकांचा लाकडी बैल दोरीने ओढतात, तसा हा कळा दाबून पडद्यावर ओढायचा; ४८ ठिपके लांब, ३२ उंच, आणि पाठीवर एक ठिपका उजळ नि एक काळा अशी बुद्धिबळाच्या पटासारखी झूल.

“तो चालत नाही जी,” गुरुजी म्हणाले. “मी त्याला पुसतो आणि शेजारी पुन्हा काढतो. सेकंदाला पन्नास वेळा.”

ऐकताना सोपे वाटते; पण हे यंत्र ठिपके आठ-आठांच्या गाठोड्यांत बांधून ठेवते, त्यामुळे बैल एका ठिपक्याने सरकला की सारी गाठोडी सोडून नव्याने बांधणे आले, आणि ऐन घाईत ते जमायचे नाही म्हणून गुरुजींनी एकाच नंदीच्या, दर वेळी एक ठिपका पुढे सरकवलेल्या आठ प्रती आधीच रचून ठेवल्या. प्रत्येक प्रत २२४ बाइटांची. म्हणजे १,७९२ बाइट एका जनावराच्या वैरणीत गेले.

पुसण्यासाठी त्यांनी आधी एक स्वस्त युक्ती योजली. चित्राचा ठिपका आणि जमिनीचा ठिपका सारखे असतील तर काळा, भिन्न असतील तर उजळ, या नियमाने चित्र उमटवायचे. तेच पुन्हा तेथेच उमटवले की जमीन पूर्ववत्. खाली काय होते याची नोंद ठेवायला नको. काळ्या पडद्यावर नंदी देखणा चालला. पुढे गुरुजींना शेत रंगवण्याची बुद्धी झाली आणि शेतालाही त्यांनी झुलीचीच नक्षी दिली. नंदी शेतात शिरला मात्र, झूल नाहीशी! सम पावलावर नक्षीवर नक्षी बसून पाठ संपूर्ण काळी, विषम पावलावर संपूर्ण उजळ, आणि ही उलथापालथ सेकंदाला पन्नास वेळा. दोष यंत्राचा नव्हे, गणिताचा होता, आणि गणिताच्या मास्तरांना तो सहा महिने पुरला.

मोठ्या घरचीही तीच कथा होती. १९८४ च्या मॅकिंटॉशवर खिडकी ओढताना खिडकी जागीच राही, हले ती करड्या ठिपक्यांची चौकट. तिच्या मुळाशीही हीच युक्ती. मॅकपेंटमध्ये बिल ॲटकिन्सन यांनी मात्र चित्र पडद्याआड, स्मृतीत पुरते रचायचे आणि मग झटक्यात पडद्यावर आणायचे, अशी व्यवस्था करून लुकलुक थांबवली. पण त्यांच्या पदरी १२८ किलोबाइट होते, आणि तेही त्यांना अपुरे पडत.

गुरुजींनी महसूल खात्याचा मार्ग धरला. बैलाने पाय ठेवण्यापूर्वी तेवढ्या जमिनीचा पंचनामा करायचा, बैलाच्या आकाराची जागा कोरून मोकळी करायची, तीत बैल बसवायचा, आणि उठताना पंचनाम्याबरहुकूम जमीन होती तशी हवाली करायची. कोरण्याच्या साच्याच्याही आठ प्रती लागल्या. झूल शाबूत राहिली. परंतु काम वाढले, आणि पडदा रंगवणारा किरण वरून खाली उतरत असल्यामुळे माथ्याजवळ तो गुरुजींच्या आधी पोहोचू लागला, म्हणजे शिंगे जुन्या जागी नि खूर नव्या जागी. तळाशी हेच जनावर शांत चालते. म्हणून गुरुजींच्या पडद्यावर वरचा तिसरा हिस्सा नेहमी आकाशाचा असतो. हा तोडगा मला फार आवडला.

आता संकटे वेगळी आहेत. वीजपुरवठ्याच्या पेटीतला कंडेन्सर वयोमानाने धूर ओकून गेला, तो सीताबर्डीत दोन फेऱ्या मारल्यावर मिळाला. काचेच्या नळीचा टीव्ही दुरुस्त करणारा शेवटचा कारागीर मोबाइल विकू लागला आहे. नव्या सपाट पडद्यावर नंदी दोरीमागे अडखळत येतो. कॅसेटची फीत दोन पावसाळ्यांपूर्वी बुरसली, आणि तेव्हापासून सारा कार्यक्रम एका शंभरपानी वहीत आकड्यांच्या रूपाने आहे. यंत्र सुरू केले की तो दर वेळी हाताने भरायचा.

त्या दिवशी मी आकडे वाचत गेलो आणि गुरुजी भरत गेले. दोनशे चौदाव्या आकड्यावर वीज गेली. गुरुजींनी अंधारातच वही माझ्या हातून घेतली आणि तेथे पेन्सिलीने खूण केली. मग स्वतःशीच हसून ती खोडून टाकली, कारण वीज आली तरी सुरुवात पहिल्या आकड्यापासूनच करायची होती.